आतून कडी

सासरे आमच्याकडे राहायला यायचे ठरले, तेव्हा पहिला प्रश्न आला तो बाथरूमचा.

ते गावी एकटेच राहायचे, रत्नागिरीच्या अलीकडे. सासूबाई आमच्या लग्नाच्या आधीच गेल्या. सासरे एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावरही पहाटे उठून आंघोळ, मग आगरातली कामं, स्वतःचा भात स्वतः लावायचा, असं त्यांचं चालू होतं. पावसाळा संपता संपता मागच्या दारी शेवाळावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन रत्नागिरीत झालं. नंतर नणंद त्यांना चिपळूणला आपल्या घरी घेऊन गेली. ती नोकरी करणारी, घरात शाळेत जाणारी मुलं. तरी तिने कुरकुर न करता सगळं केलं. भाऊबीजेला ती त्यांना घेऊन आमच्याकडे येणार आणि पुढचे काही महिने ते मीरा रोडलाच राहणार, असं बहीणभावाचं ठरलं. आमची बिल्डिंग सिल्व्हर पार्कला, लिफ्ट आहे, फिजिओथेरपीवाली मुलगी घरी येऊन व्यायाम करून घ्यायला तयार होती. वरवर पाहता काही अडचण नव्हती.

मग एका दुपारी ताईचा, म्हणजे नणंदेचा, मला ऑफिसात फोन आला.

"एक सांगायचं होतं गं," ती म्हणाली. "बाबा पाणी पीत नाहीत."

मला वाटलं, औषधामुळे असेल.

"औषधाने नाही. पाणी प्यायलं की जावं लागतं. जायचं म्हणजे मी नाहीतर माझ्या मिस्टरांनी धरून न्यायचं, बसवायचं, उठवायचं. दिवसभर घरात मीच जास्त. माझा हात धरतात, पण तोंड भिंतीकडे करतात. तहान लागली का विचारलं तर नाही म्हणतात." थोडं थांबून ती म्हणाली, "मी तरी मुलगी आहे. तिकडे तू सून."

एवढं बोलून तिने फोन ठेवला.

संध्याकाळी मी नवऱ्याला हे सांगितलं. ऑफिसची बॅग तशीच खांद्यावर ठेवून तो बाथरूमच्या दारात जाऊन उभा राहिला. मीही मागे गेले. चार वर्षं रोज वापरत असलेलं आमचं बाथरूम आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं असेल.

दार आत उघडणारं. माणूस आत पडला तर दाराला आडवा होणार, बाहेरून ढकलताही यायचं नाही. दारात घोट्याएवढा संगमरवराचा उंबरा. आधीच्या मालकाने हौसेने बसवलेल्या गुळगुळीत, चकाकत्या टाइल्स, त्यांवरून आम्हीसुद्धा कितीदा घसरता घसरता वाचलो होतो. कमोड बुटका. आणि धरायला म्हणाल तर टॉवेलचा एक दांडा, जो ओल्या टॉवेलच्याही वजनाने वाकायचा.

नवरा कमोडच्या झाकणावर बसला आणि एक पाय पुढे ताठ ठेवून, हात कुठेही न टेकता उठायचा प्रयत्न करू लागला. त्याला ते जमेना. मला हसू आलं. मग मी बसले, तशीच. मलाही जमलं नाही, आणि मग कोणीच हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो खालच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, "छोटा काम है, इसके लिए कोई नहीं आएगा. और अभी सब लोग गाँव निकल रहे हैं. छठ के बाद देखते हैं." शेजारच्या बिल्डिंगमध्ये टाइल्सचं काम करणारा एकजण मात्र येऊन बघून गेला. त्याने भिंतीवर थाप मारली आणि सगळं फोडून नवीन करायचा सल्ला दिला, अर्थात सुट्टीवरून परत आल्यावर.

"आपणच करूया," मी म्हणाले.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग दारामागच्या चपलांच्या रॅककडे. तो रॅक आम्ही दोघांनी मिळून जोडला होता आणि पहिल्या दिवसापासून तो एका बाजूला कलला आहे.

"रॅक पडला तर चपला पडतील," तो म्हणाला. "इथे बाबा आहेत."

"म्हणूनच नीट करू. घाई नाही करायची."

त्याच्या ऑफिसातला एक मित्र काशीगावात राहतो, त्याच्याकडून ड्रिल मशीन आणलं. सर्जिकलच्या दुकानातून कमोडवर बसवायची उंच सीट आणि स्टीलचे दोन जाड दांडे आणले. रोज जेवण झालं की आम्ही फोनवर व्हिडिओ बघायचो: टाइलला तडा न जाता भोक कसं पाडायचं, त्यात स्क्रूसाठी प्लास्टिकचा प्लग कसा बसवायचा. नवरा मध्येच थांबवायचा, मागे न्यायचा, पुन्हा बघायचा.

सगळ्यात मोठी भीती भिंतीतल्या पाइपची. दांडे कमोडच्या बाजूच्या भिंतीत बसवायचे होते आणि तिथून पाण्याची लाइन कुठून गेली आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्या बरोबर खाली एक गुजराती काकी राहतात. त्यांनी मागच्या वर्षी बाथरूम नवं करून घेतलं होतं. दोन्ही घरांचा आराखडा एकच, म्हणून आम्ही खाली गेलो. त्यांच्या फोनमध्ये उघड्या भिंतीचे फोटो निघाले. पाइप नळापासून सरळ वर जात होता आणि मग छताखालून आडवा. आम्हाला हव्या त्या जागी काही नव्हतं.

"करा तुम्ही आरामसे," काकी म्हणाल्या. "फक्त माझ्या सीलिंगचं जरा बघजो हां. दिवाळीचा कलर आत्ताच केलाय."

आम्ही दोघांनी मान वर करून ते छत बघितलं. पांढरं शुभ्र होतं.

पहिलं काम दाराचं काढलं. प्लास्टिकचं हलकं दार, ते चौकटीतून सोडवलं आणि बाहेरच्या अंगाने, नव्या बिजागऱ्या लावून बसवलं. आता ते चौकटीच्या आत न बसता बाहेरून टेकतं. दिसायला बेंगरूळ दिसतं, पण बाहेर उघडतं. आतली कडी काढून टाकली. कडी नकोच, यावर आमचं एकमत होतं. आत काही झालं तर बाहेरून दार उघडता यायला हवं.

मग उंबरा. तो काढला असता तर पाणी हॉलमध्ये आलं असतं, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंनी सिमेंटचा उतार केला. सिमेंट मी कालवलं. कणीक भिजवण्यासारखंच असेल अशी माझी समजूत होती, पण कणीक अशी हाताला चिकटून वाळत नाही. उतार सुकेपर्यंत बाथरूम बंद, म्हणून आम्ही दोघं टॉवेल आणि कपडे घेऊन खाली काकींकडे आंघोळीला गेलो. त्यांनी नंतर चहा आणि खाखरे दिले. नवरा म्हणाला, लग्नानंतर पहिल्यांदाच पाहुण्यासारखं वाटतंय.

मग दांड्यांचा दिवस आला. मी टाइलवर कागदी टेप चिकटवली आणि खुणा केल्या. ड्रिल तापू नये म्हणून एका हाताने बाटलीतून पाण्याची बारीक धार सोडायची, हे माझं काम. नवरा ड्रिल धरून. पहिलं भोक पडलं, टाइल शाबूत राहिली. दुसरं पडलं. तिसऱ्या भोकातून ड्रिल बाहेर काढलं आणि मागोमाग पाणी आलं.

धार नव्हती, पण थेंबही नव्हते. पाणी टाइलवरून ओघळत खाली आलं, लालसर, विटांची पूड घेऊन.

"कॉक बंद कर," नवरा म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

मी स्वयंपाकघरात धावले, सिंकखालचा मेन कॉक फिरवला. परत आले तर तो भोकावर अंगठा दाबून उभा होता. माझ्या डोळ्यांसमोर काकींचं ते पांढरं छत. मग ताई, मग बाबा. आता भिंत फोडावी लागणार, प्लंबर छठनंतर येणार, आणि बाबा भाऊबीजेला. त्यांना या घरात आणायचं कसं? मी त्याच क्षणी मनात ताईला फोनही करून टाकला होता, आणि ती काही न बोलता 'बरं' म्हणाली होती.

"अंगठा काढ," मी म्हणाले.

"नको."

"काढून बघ तरी."

त्याने काढला. चार थेंब आले आणि थांबलं. आम्ही बघत राहिलो. मी जुन्या वर्तमानपत्राची सुरळी करून भोकात घातली, बाहेर काढली. टोक ओलं होतं. पुन्हा नवीन सुरळी घातली. कमी ओली. मग तो हळूच म्हणाला, "अगं, तू किती पाणी ओतलंस?"

मी बेसिनवर ठेवलेल्या बाटलीकडे बघितलं. ती जवळजवळ रिकामी होती. पहिल्या दोन भोकांच्या वेळी मी ओतलेलं पाणी टाइलमागच्या पोकळीत जाऊन बसलं होतं आणि आता तिसऱ्या, खालच्या भोकातून बाहेर आलं होतं. तरी खात्री पटेना. कॉक पुन्हा उघडला, नळ सोडला, सुरळ्या घालत राहिलो. शेवटची सुरळी कोरडी निघाली. नवरा तिथेच ओल्या फरशीवर बसला आणि भिंतीला डोकं टेकवून त्याने डोळे मिटले. मी खाली जाऊन काकींना म्हटलं, जरा तुमचं बाथरूम बघू? छत कोरडं होतं. काकींनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, सहज.

पण ती पोकळी होती हे आम्ही तेव्हा विसरलो. दांडा बसवला, स्क्रू आवळले, छान घट्ट वाटला. मी कमोडवर बसले, एक पाय ताठ ठेवला आणि दांड्याला धरून सगळं वजन टाकून उठायला गेले. अर्धी उठले असेन. दांडा कर्र आवाज करत भिंतीतून निघाला, एक टाइल तडकली आणि मी बेसिनवर आपटले. कोपर खरचटलं, बाकी काही नाही.

आम्ही दोघं त्या दांड्याकडे बघत राहिलो. तो माझ्या हातात होता, प्लगांसकट.

"बरं झालं, तू होतीस," नवरा म्हणाला आणि लगेच, "म्हणजे तसं नाही."

"कळलं मला," मी म्हणाले. मलाही तेच वाटत होतं. कोपर झोंबत होतं आणि आतून इतकं हलकं वाटत होतं की मला हसूच आलं. बाबांच्या हातात तो दांडा आला असता तर, हा विचार आम्ही दोघांनी केला आणि दोघांनीही बोलून दाखवला नाही.

मग आम्ही नाणं घेऊन एक एक टाइल वाजवत गेलो. पोकळ टाइल वेगळी वाजते, ते कानाला लगेच कळतं. जिथे भरीव आवाज आला तिथे जागा बदलली. तडकलेली टाइल पांढऱ्या सिमेंटने भरली. लांब प्लग आणले, टाइलमागे विटेत खोलवर जाणारे. आणि या वेळी पाणी बेताने ओतलं. दोन्ही दांडे बसल्यावर नवरा त्यांना लोंबकळला, मग मी, मग दोघं एकदम. काही हललं नाही. त्याने दांड्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "रॅकसुद्धा नीट करता येईल आपल्याला."

भाऊबीजेच्या दुपारी ताई आणि बाबा गाडीने आले. बाबा बारीक झाले होते, सदरा खांद्यावरून उतरत होता. वॉकर टेकत टेकत ते हॉलमध्ये आले, खुर्चीत बसले, घर बघितलं. नवरा त्यांना बाथरूम दाखवायला उतावीळ झाला होता. त्याने दार उघडून दाखवलं, उतार दाखवला, स्वतः दांड्याला लटकून दाखवलं.

बाबा दारापर्यंत आले. आत बघितलं. "गाडीत असतो तसा दांडा," ते म्हणाले. "एवढी वर्षं गाडीत उभा राहिलो, पण दांडा कधी धरला नाय. कंडक्टरचे दोन्ही हात कामात."

मग ते दाराची आतली बाजू बघू लागले. वरून खालपर्यंत बघितलं.

"कडी नाय?"

"मुद्दाम काढली," नवरा म्हणाला. "काही झालं तर आम्हाला आत येता यावं. तुम्ही नुसतं लोटून घ्या, कोणी येणार नाही."

बाबांनी पुन्हा एकदा दाराकडे बघितलं. वॉकर फिरवला आणि परत खुर्चीत येऊन बसले.

"अहो बाबा, चिपळूणपासून आलात," ताई म्हणाली. "जाऊन या ना."

"घाई नाय."

ताईने माझ्याकडे बघितलं. घाई होती, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. मी त्यांना पाणी दिलं, तर त्यांनी पेला हातात धरून ठेवला. त्या घरात त्या दिवशी दोन बायका होत्या, एक मुलगी आणि एक सून, आणि कडी नसलेलं दार. आम्ही चौकट, उतार, टाइल, पोकळी, सगळ्याचा विचार केला होता. आम्ही दोघंच राहत असल्यामुळे कडी काढल्यापासून आम्हाला ती आठवलीही नव्हती.

मी नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावलं. "कडी लाव परत."

"आणि पडले तर?"

"कडी नसेल तर ते जाणारच नाहीत. बसलेत बघ कसे."

त्याने विचार केला. मग म्हणाला, "बिजागऱ्या आता बाहेरच्या बाजूला आहेत ना? त्यांच्या पिना बाहेरूनच ठोकून काढता येतील. दार अख्खं निघेल."

स्क्रूच्या डब्यात जुनी कडी होती. त्याने ती दारावर आडवी लावली, चौकटीत तिच्यापुरतं भोक पाडलं. ड्रिलचा आवाज भाऊबीजेच्या दिवशी अख्ख्या मजल्याला ऐकू गेला असणार. बाबा खुर्चीतून बघत होते. शेवटचा स्क्रू आवळल्यावर त्यांनी विचारलं, "आता आत काय झालं तर?"

"दाखवतो," नवरा म्हणाला. तो आत गेला आणि त्याने कडी लावली. मी हातोडी आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खालची पिन उडवली, मग वरची, आणि बिजागऱ्यांच्या बाजूने ओढून दार कडीतून अलगद सोडवून घेतलं. नवरा आत, दांडा धरून, हॉलमधल्या सगळ्यांसमोर उभा. ताई हसायला लागली. मग बाबाही हसले, आवाज न करता, खांदे हलवत. आल्यापासून पहिल्यांदाच.

दार परत बसवलं. बाबा उठले, वॉकर टेकत आत गेले. दार लागलं. आणि कडी सरकल्याचा आवाज आला.

आम्ही तिघं हॉलमध्ये. ताईने टीव्ही लावला आणि आवाज मोठा केला. मी ओवाळणीच्या ताटात तांदूळ, सुपारी उगाच पुन्हा पुन्हा नीट मांडत बसले. नवरा हातोडी हातात धरून उभाच होता, ती ठेवायचं त्याला भान नव्हतं. आतून काहीच ऐकू येत नव्हतं, आणि टीव्हीचा आवाज कमी कर असं म्हणायची कोणाची हिंमत नव्हती.

मग फ्लश वाजला. थोड्या वेळाने बेसिनचा नळ. मग कडी. बाबा दारात उभे होते, तोंड धुतलेलं, केसांवरून ओला हात फिरवलेला. ते उतारावरून वॉकर टेकत खाली आले, खुर्चीत बसले आणि मघाचा पेला उचलून त्यांनी सगळं पाणी प्यायलं.

"ओवाळायचं ना आता?" ते ताईला म्हणाले.

ताईने भावाला ओवाळलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. नवऱ्याचेही. नंतर तो बाल्कनीत कपडे काढायला म्हणून गेला आणि दोरीवरचा एकही कपडा न काढता परत आला.

ताई दुसऱ्या दिवशी परत गेली. पहिले काही दिवस आम्ही आलटून पालटून घरून काम केलं, घर एकटं सोडलं नाही. बाबा आत गेले की माझे कान तिकडे असायचे. हळूहळू ते लक्ष कमी झालं. एकदा मी फोनवर बोलत होते आणि ते जाऊन आलेले मला कळलंही नाही. चहा झाल्यावर ते अजून अर्धा कप मागू लागले. फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली, आजोबांचा पाय चांगला वळतोय.

एका रविवारी सकाळी नवरा म्हणाला, "दोघं जाऊन येऊ का बाजारात?"

मी बाबांकडे बघितलं. ते पेपर वाचत होते. "जावा की," ते पेपरमधून म्हणाले. "मी आहे घरात."

आम्ही फोन त्यांच्या हाताशी ठेवला, पाणी ठेवलं, खाली काकींना सांगून ठेवलं आणि निघालो. भाजी घेतली. परत फिरायचं तर नवरा म्हणाला, चहा घेऊया. स्टेशनच्या बाजूला एका टपरीवर आम्ही उभ्याने चहा प्यायलो, गर्दीत, रिक्षांच्या आवाजात. मी दोनदा फोन बघितला. कोणाचा आला नव्हता. नवऱ्याने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आम्ही रिक्षा न करता, लांबच्या रस्त्याने, चालत घरी आलो.

दार उघडलं तर बाबा टीव्हीसमोर, पाय स्टुलावर लांब केलेले.

"एवढ्यात आलात?" ते म्हणाले.